दुसऱ्या भागात स्क्रू नव्हते

मोबाइलच्या काचेवर व्हर्नियर कॅलिपर लावून माप घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सौंसरच्या बसस्टँडमागे त्याचं टिनाचं शेड होतं. आजूबाजूला संत्र्याच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी, दारात फवारणीचे बिघडलेले पंप रांगेत उभे, आणि आत मिस्त्री एका खोक्यावर बसलेला, एका डोळ्यावर चष्म्याची एकच काच. दुसरी काच त्यानं स्वतःच काढून ठेवली होती. "त्या डोळ्यानं मले चांगलं दिसते. त्याले कायले भाडं द्या?"

त्याच्या शेजारी त्या दिवशी प्रज्ञा बसली होती. तेव्हा ती बारा वर्षांची असेल. आईचा मोबाइल खोक्याला टेकवून ती एक जपानी कार्टून बघत होती, हिंदीत कुणीतरी आवाज भरलेलं. मिस्त्री त्याला कार्टून म्हणू देत नसे. पिक्चर म्हणायचं. गोष्ट अशी, की एका शहरात अपघातातून वाचलेली मुलं एक गुप्त खातं उचलून नेतं, त्यांना लोखंडाचे हातपाय बसवतं आणि त्यांच्याकडून माणसं मारवून घेतं. प्रत्येक मुलावर एक साहेब नेमलेला. तो सांगेल ते मुलानं ऐकायचं. मला ते सगळं भीषण वाटलं होतं. मिस्त्रीचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं.

"थांब व पोरी, थांब! मांगं घे थोडं."

पडद्यावर एका पोरीचं कोपर उघडलं होतं आणि आतल्या दांड्या दिसत होत्या. मिस्त्रीनं कॅलिपर लावला. "साडेपाच मिलिमीटर. लिव."

प्रज्ञा डाव्या हातानं वहीत लिहीत म्हणाली, "मिस्त्रीबाबा, साडेपाच मिलिमीटरचं कोपर म्हणजे थे पोरगी मुंगीएवढी झाली ना!"

"मुंगीलेबी सांधे असते," मिस्त्री म्हणाला. "अन् मले माप नाई, हिसाब पायजे. दंड केवढा, पंजा केवढा. लिव."

प्रज्ञाला उजवा पंजा नव्हता. मिस्त्री तिच्यासाठी हात बनवत होता.

आता मिस्त्री कसा होता ते सांगतो. सांगायचं दुसरंही आहे, त्याकडेही येतोच. इतकी वर्षं टाळलं तसं आता टाळणार नाही.

यंत्र ऐकायची त्याची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली कुठली बेअरिंग रडते ते त्याला नेमकं कळे. पुष्कळ मिस्त्री हे करतात. पण हा माणूस तोच स्क्रू-ड्रायव्हर लिंबाच्या झाडाला लावी, भिंतीला लावी, एकदा तर तहसीलच्या बंद दाराला लावून म्हणाला होता, "आत हायेत सायेब, पंखा सुरू हाय." एका शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेला, रांगेत दोन तास उभा राहिला, आणि त्याचा नंबर येणार तेवढ्यात बाहेरच्या एका दुकानाचं जनरेटर खोकलं. हा रांग सोडून तिकडे. संध्याकाळी हात काळे करून परत आला. बायकोनं विचारलं, दर्शन झालं का? तर म्हणे, "हाव. आवाज एकदम साफ झाला."

चिकटवलेल्या वस्तूंचा त्याला मनापासून राग होता. फेव्हिकॉल, एम-सील, वेल्डिंग, सगळ्यांचाच. स्क्रू पाहिजे, बोल्ट पाहिजे, तोही बाहेरून दिसणारा. "उगडता नाई आलं तं दुरुस्त कसं करान?" हे वाक्य तो दिवसातून चारदा तरी म्हणे. लोक हसत. त्यानं बनवलेल्या पाळण्यालासुद्धा सोळा बोल्ट होते. पाळण्यातलं पोर मोठं होऊन कॉलेजात गेलं, तरी तो पाळणा दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी फिरत होता.

आता माझं.

मी तेव्हा सौंसरजवळ कापसाच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर होतो. ती जिनिंग आता बंद आहे. तिथं मशीनखालून एक जाड पट्टा फिरत असे आणि पट्ट्यासमोर लोखंडी जाळी असे, चार बोल्टांनी बसवलेली. पट्ट्यात रुई अडकायची. प्रत्येक पाळीत ती काढायची तर आधी जाळी काढा, मग रुई काढा, मग जाळी लावा. दिवाळीनंतर कापूस जोरात आला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या जाळी बाहेरच. ती बाहेर वजनकाट्यापाशी भिंतीला टेकून पडली. चौकीदाराची बायको तिच्यावर संत्र्याच्या साली वाळवायची, उटण्यासाठी.

प्रज्ञाची आई आमच्याकडे अंगणात कापसाच्या गंजीवर कामाला होती. बोरगावची. तिथून पोरगी शाळा सुटली की आईचा डबा घेऊन येई. लहान पोरांना आत येऊ द्यायचं नाही असा नियम होता. तोही माझ्याच हातात होता. त्या दुपारी प्रज्ञा आत आली, डब्याचं झाकण तिच्या हातून सुटलं, घरंगळत पट्ट्याखाली गेलं आणि ती ते उचलायला वाकली. मी दहा पावलांवर होतो. मी पाहिलं.

पुढचं लिहीत नाही. पोरगी बेशुद्ध झाली, नागपूरला नेली, जगली. त्या वेळचं तिला काहीच आठवत नव्हतं.

गाडी नागपूरकडे निघाली आणि मी काय केलं? दोन माणसांना हाताशी घेतलं, बाहेरची जाळी आणली आणि बसवली. त्या दोघांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. चौकशीला साहेब आले तेव्हा कागदावर मी माझ्या अक्षरात लिहून दिलं: जाळी होती. मुलीने खेळताना हात आत घातला.

माझं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य सगळ्या गावानं पाठ केलं. प्रज्ञाच्या आईनं केलं, शेवटी प्रज्ञानंही केलं. कुणी विचारलं की ती पोरगी सांगे, "मीच हात घातला ना जाळीत. लई मस्ती करत होती मी."

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा सुरू करायला मिस्त्रीला बोलावलं होतं. तो खाली बसला, जाळीकडे बघत राहिला. मग दोन बोटं घालून जाळीच्या भोकातून काहीतरी ओढून काढलं. संत्र्याच्या सालीचा वाळका तुकडा. जिनिंगच्या आत सगळीकडे रुई बसते. नाकात, भुवयांवर, बल्बवर. त्या जाळीवर रुईचा एक तंतू नव्हता, आणि साल मात्र होती. त्यानं ती उजेडात धरली, वास घेतला आणि चुन्याच्या रिकाम्या डबीत टाकून डबी खिशात ठेवली.

"भाऊ, मशीन ठीक हाय," तो मला म्हणाला. "सुरू करा."

बस, एवढंच. मला वाटलं, आता हा आठवड्यात गावभर करणार. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मात्र त्यानंतर त्यानं जिनिंगचं काम घेणं बंद केलं आणि प्रज्ञाच्या घरी जाऊन तिच्या हाताचं माप घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

प्रज्ञाला आधी एका शिबिरात हात मिळाला होता. गुलाबी प्लॅस्टिकचा, बोटं चिकटलेली. मिस्त्रीनं तो उलटासुलटा करून पाहिला. एक स्क्रू नाही. "हा दाखवाचा हात हाय," तो म्हणाला. "लग्नात घालून जाजो." पोरगी खूप दिवसांनी हसली, असं तिची आई सांगते.

त्यानं बनवलेला हात दिसायला भयंकर होता. ॲल्युमिनियमचे पत्रे, सायकलच्या ब्रेकची तार, खांद्यावरून यायला फवारणी पंपाचा पट्टा. खांदा पुढे केला की चिमटा उघडे. पहिल्या हातानं तिला खराटा धरता आला, दुसऱ्यानं सायकलचं हँडल. तिसऱ्यानं ती कांदा धरून डाव्या हातानं चिरू लागली. शाळेत पोरं चिडवत. त्या पिक्चरमधल्या पोरीचं नाव तिला पडलं. ती घरी येऊन रडली नाही, थेट शेडमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, तिच्या हाताले निळा रंग हाय. मलेबी द्या." मिस्त्रीनं मोटारपंपाचा निळा ऑइलपेंट दिला.

मी तिथं का जात होतो? कधी पंप दुरुस्तीला, कधी नुसताच. जखमेवर हात जातो तसा जात होतो. मिस्त्री चहा मागवी. कधी काही बोलला नाही. मला त्याचा इतका राग येई की सांगता येत नाही, आणि त्याच्याशिवाय दुसरीकडे जावंसंही वाटत नसे.

दोन वर्षांनी त्या पिक्चरचा दुसरा भाग आला. प्रज्ञानं आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं. मिस्त्रीनं त्या दिवशी काम घेतलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, खोकी पुसून घेतली. मी गेलो तर दोघं कोंबडीसारखे मान पुढे काढून बसलेले. दहा मिनिटांत मिस्त्री अस्वस्थ झाला.

"थांब. कोपर दाखव."

प्रज्ञानं थांबवलं. मिस्त्रीनं चष्म्याची काच पुसली, पुन्हा पाहिलं.

"स्क्रू कुठी गेले?"

खरंच नव्हते. पहिल्या भागात त्या पोरीच्या सांध्यांवर बारीक बारीक स्क्रू काढलेले होते. आता हात गुळगुळीत, चमकता, कुठे फट नाही.

"बाबा, नवीन लोकायनं बनवला हा. सगळे म्हणून राह्यले, चित्रं बिघडवली म्हणून."

"चित्रं नाई बिघडवली, मिस्त्री काढून टाकला यायनं!" तो उठून उभाच राहिला. "पह्यला माणूस आपल्या लाइनीतला होता. हा कोनी पेंटर हाय. अव, हे पोरगी रोज धावते, उड्या मारते, पान्यात जाते. तिले ऑइल कोन करन? कुठून करन?"

प्रज्ञा हसून लोळत होती. मिस्त्रीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, मी शपथेवर सांगतो.

तरी तो भाग त्यांनी पूर्ण बघितला. त्यात पुढे निघतं ते असं: त्या पोरीला सांगितलेलं असतं की तू स्वतःच्या चुकीनं गाडीखाली आलीस, आम्ही तुला वाचवलं. ते खोटं असतं. तिच्या साहेबाला ते माहीत असतं. तो तिच्यावर जीव लावतो, तिला टोपी आणून देतो, फक्त तेवढं सांगत नाही. शेवटी पोरगी समुद्राकडे बघत उभी राहते, साहेब तोंड उघडतो आणि तिथंच भाग संपतो.

"हिले खोटं सांगून राह्यले," प्रज्ञा म्हणाली. "तिले काही आठवत नाई तं काही बी सांगतेत." आणि आपल्या निळ्या हाताची तार नीट करत बसली.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं नाही. ते मला बघण्यापेक्षा जड गेलं.

दोन-तीन दिवसांनी त्यानं मला बोलावणं पाठवलं. शेडमध्ये तो एकटाच होता. समोर कोरा कागद. "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. जपानले चिठ्ठी लिवाची हाय."

"जपानी कुठे येते मला?"

"हिंदीत लिवा. हिंदी सगळ्यायले समजते."

मी लिहायला बसलो. तो वऱ्हाडीत सांगे, मी त्याचं हिंदी करी. महोदय, आपण कुशल कारागीर असाल, पण मुलीच्या कोपरात एकही स्क्रू दिलेला नाही. बिना स्क्रूची वस्तू दुरुस्त होत नाही. तिसऱ्या भागात स्क्रू द्यावे ही विनंती. सोबत चित्र. इथपर्यंत मला मजा वाटत होती.

"आता दुसरी तक्रार," मिस्त्री म्हणाला. पाना पुसत होता. "लिवा, त्या पोरीचा जो सुपरवायझर हाय..."

मी 'अधिकारी' लिहिलं. त्याला अक्षर लावून वाचता येई. वाकून त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"अधिकारी नाई. सुपरवायझर लिवा."

मी खोडलं. लिहिलं.

"त्या सुपरवायझरले वाईट दाखवू नका. तो वाईट नाई. भेला तो. पन तिसऱ्या भागात त्याले बोलू द्या. पोरगी आपल्यालेच गलत समजून राह्यली. हातबी गेला अन् गलतीबी तिचीच झाली. हात मी देईन बनवून. दुसरी गोष्ट माह्यापाशी नाई, त्याच्यापाशीच हाय."

माझं पेन थांबलं होतं.

"लिवलं?"

"लिहितो."

"आरामात लिवा. घाई नाई."

खाली त्यानं सही केली आणि सहीशेजारी एक स्क्रू काढला, आट्यांसकट. पत्ता प्रज्ञानं मोबाइलवर शोधून दिला होता. पोस्टातला बाबू म्हणाला, "जपानले? तिथं कोन हाय तुमचं?" मिस्त्री म्हणाला, "लाइनीतले लोक हायेत."

उत्तर आलं नाही. तिसरा भागही आला नाही. आणि मीही बोललो नाही. पाच वर्षं. आज सांगू, उद्या सांगू. दहावी होऊ दे, बारावी होऊ दे. माझ्या घरात कुणाला माहीत नाही, नोकरी गेली तर, पोलीस केस झाली तर. जिनिंग बंद पडली, मी पांढुर्ण्याला संत्र्याच्या आडतीवर लागलो, तेव्हा ती सगळी कारणंही संपली होती. तरी नाही. मिस्त्रीनं पुन्हा एकदाही विषय काढला नाही. तो माणूस कुणालाही ढकलत नसे. फक्त बोल्ट दाखवून ठेवी.

एकदाच, तो आजारी होता तेव्हा, मी भेटायला गेलो. खाटेवर उशाशी लांब स्क्रू-ड्रायव्हर ठेवलेला. मला म्हणाला, जवळ या. मी वाकलो. त्यानं त्याचं टोक माझ्या सदऱ्यावर, छातीशी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. बायको म्हणाली, "अवो, का करून राह्यले हे? सोडा त्यायले."

"अजून येऊन राह्यला आवाज," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

मागच्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत तो गेला. शेड त्यानं प्रज्ञाला दिलं होतं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, पांढुर्ण्याला आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड करते. वर्गात एकटीच मुलगी, आणि एकटीच निळ्या हाताची. तेराव्यानंतर तिनं मला फोन केला. "काका, बाबाची पेटी खोलून राह्यली. या ना, तुमी जुने लोक आहात, काय कशाचं हाय ते सांगान."

मी गेलो. तिनं एकेक वस्तू काढून मांडली होती. कॅलिपर, चष्म्याची सुटी काच, मापांची वही. मग तिनं चुन्याची डबी चिमट्यात धरून डाव्या हातानं उघडली.

"हे काय हाय, काका? संत्र्याची साल कायले ठेवली असन?"

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. ती साल काळी पडली होती, लाकडासारखी. कोर्टात सोडा, कुणाच्याही दारात तिनं काही सिद्ध झालं नसतं. ज्याला सांगायचं त्यालाच ती काहीतरी सांगत होती.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, झाकण घरंगळलं तिथपासून.

ती ऐकत राहिली. फिटरनं विचारावं तसं विचारलं, "किती बोल्ट होते?"

"चार."

"काढाले, लावाले किती वेळ लागे?"

"पाच मिनिटं काढायला. पाच लावायला."

"दहा मिनिटं," ती म्हणाली. डबी बंद केली, पुन्हा उघडली. "म्हणजे मी मस्ती नव्हती करत."

"नाही. झाकण उचलत होतीस."

"आठ वर्षं झाले मी आठवून राह्यली, का काहून हात घातला म्हणून. तिथं होतं काय असं पाह्यासारखं?" मग खाली बघून, "बाबाले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् मले नाई सांगितलं."

"त्याचं म्हणणं होतं, मी सांगावं."

यावर तिला राग आला. माझ्यावर आला नव्हता तो मिस्त्रीवर आला. "एवढी वाट कोनी पाह्यते का?" ती म्हणाली, आणि बरोबरच म्हणाली. माझ्या मिस्त्रीत हा एक दोष मलाही मान्य आहे. माणसावर त्याचा विश्वास जरा जास्तच होता.

दुसऱ्या दिवशी ती मला बोरगावला आईकडे घेऊन गेली. "मी सांगितलं तं तिले वाटन मी आपली बाजू घेऊन राह्यली. तुमीच सांगा." आई अंगणात तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, लेकीकडे बघत होती.

"मी तिले दवाखान्यात मारली होती," ती म्हणाली. "पट्टी बांधली होती हाताले, अन् मी गालात मारली. काहून घातला हात म्हणून." मग मला, हळूच, "जा भाऊ तुमी आता. आज तुमच्याशी बोलनं नाई होत माह्याच्यानं."

मी निघालो. फाटकापर्यंत प्रज्ञा आली. मला वाटलं, आता बोलेल ते बोलेल. तिनं खांदा पुढे केला, चिमटा उघडला, फाटकाची कडी धरली. कोपराशी सहा स्क्रू चमकत होते, ताजं तेल दिलेले.

"काका, तुमचं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "थे पह्यलं वाक्य तुमीच लिवलं होतं ना? मंग हेबी लिवून द्या. बाबावर लिवा, त्यातच लिवा. लोक बाबावरचं वाचतीन."

म्हणून मिस्त्रीवर लिहिलं. तो माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला माणूस होता, हे तर लिहायचंच होतं. आणि हे:

जाळी नव्हती. मी काढायला लावली होती. मुलगी डब्याचं झाकण उचलायला वाकली.